मी, आम्ही आणि आपण : सर्वनामांच्या वापरातील नेहमीच्या चुका



व्याकरणाच्या तासाला सर्वनामांचे प्रकरण आले की वर्गाला हायसे वाटते. प्रयोग आणि समास यांच्या मानाने हा भाग अगदीच सोपा, अशी समजूत रूढ आहे. 'नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम' ही व्याख्या पाचवीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. मूळ सर्वनामेही मोजकी नऊच : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यांतील तो, हा, जो ही तीनच लिंगाप्रमाणे बदलतात. एवढे सांगितले की प्रकरण संपते. तरीही वर्षानुवर्षे निबंधाच्या आणि पत्रलेखनाच्या वह्या तपासताना माझी लाल शाई सर्वाधिक खर्च झाली ती याच नऊ शब्दांवर. त्यांपैकी एक चूक तर विद्यार्थ्याची नव्हती, माझीच होती. प्रथम तीच सांगतो.

वसतिगृहातील सातवीच्या एका विद्यार्थ्याचे आईवडील दरवर्षीप्रमाणे ऊसतोडणीसाठी गेले होते. त्या आठवड्यात मी वर्गात आदरार्थी बहुवचन शिकविले होते आणि वडीलधाऱ्यांना लिहिताना 'आपण' वापरावे, असे फळ्यावर लिहून दिले होते. त्याने आईला पत्र लिहिले : 'तीर्थरूप आईस, आपण कशा आहात? आपली प्रकृती कशी आहे?' पत्र माझ्या नजरेखालून गेले. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका दुरुस्त केल्या, अक्षर सुबक आहे असा शेरा दिला आणि ते टपालात टाकू दिले. हंगाम संपल्यावर ती माउली मुलाला भेटायला आली. तिला वाचता येत नव्हते. कोपीवर शेजारच्या बाईच्या मुलीने पत्र वाचून दाखविले होते. तिने बिचकत विचारले, "सर, मपलं लेकरू माझ्यावर रागावलं व्हतं का? परक्या माणसाला लिहावं तसं लिवलं व्हतं."

त्या पत्रात व्याकरणाचा एकही दोष नव्हता. दोष होता तो माझ्या अर्धवट शिकवण्यात. मराठीत आई 'तू' असते. आजी, मावशी, आत्या यांनाही बहुतेक घरांत 'तू'च म्हणतात. वडिलांना मात्र पुष्कळ ठिकाणी 'तुम्ही' आणि काकांनाही 'तुम्ही'. यामागे आईचा मान कमी असे काही नाही; तेथे अंतरच नाही, एवढेच. 'तू' हे सर्वनाम एकाच वेळी जवळिकीचे आणि तुच्छतेचे आहे. कोण कोणाला म्हणतो यावर त्याचा अर्थ ठरतो. 'तुम्ही' आदराचे आणि 'आपण' त्याहूनही औपचारिक. मुख्याध्यापकांस अर्ज लिहिताना 'आपण' योग्य, आईला लिहिताना ते दार लोटून घेतल्यासारखे होते. सर्वनाम केवळ नामाची जागा घेत नाही, ते बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही जागा ठरवते. ही गोष्ट व्याख्येत येत नाही, म्हणून ती परीक्षेतही येत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना ही गोष्ट पुस्तकाविना ठाऊक होती. जुन्या गावगाड्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीतील सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही गावातले दहा वर्षांचे पोर 'अरे-तुरे' करी आणि म्हाताऱ्याने त्या पोराला आदरानेच हाक द्यावी असा दंडक असे. त्यासाठी शिवी द्यावी लागत नसे. एक सर्वनाम पुरेसे होते. म्हणून या शाळेतील विद्यार्थ्याने 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील भेद केवळ दोन गुणांसाठी शिकू नये, असे मला वाटते.

आता तृतीयपुरुषाकडे वळू. येथे एक चूक मी दर जानेवारीत न चुकता पाहतो. ३ जानेवारीच्या जयंतीनिमित्त निबंध लिहिले जातात. विद्यार्थी लिहितो : 'जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांनी समाजाचा विरोध सहन केला. सावित्रीबाई तेथे शिकवू लागली. तिने शेणाचा मारा सहन केला.' एकाच परिच्छेदात पती 'त्यांनी' आणि पत्नी 'तिने'! लिहिणाऱ्याच्या मनात अनादर मुळीच नसतो. कित्येकदा लिहिणारी मुलगीच असते. पण लेखणीची सवय मनाचे ऐकत नाही. 'सावित्रीबाई शिकवू लागल्या, त्यांनी मारा सहन केला' असेच लिहिले पाहिजे. थोर स्त्रीसाठी 'ती' नव्हे, 'त्या'. क्रियापदही त्याप्रमाणे 'गेल्या', 'म्हणाल्या'. 'रमाईने' असे कोणी लिहिले तर मी ते खोडत नाही, कारण त्या नावातच 'आई' आहे आणि आईच्या नात्याने एकवचन येणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच निबंधात पुढे 'रमाबाई आंबेडकर' असा पूर्ण उल्लेख आला की सर्वनामही 'त्या' झाले पाहिजे. निवड कोणतीही करा, पण ती जाणून करा आणि परिच्छेदाच्या शेवटपर्यंत पाळा.

न पाळण्याचा दोष पत्रांत अधिक दिसतो. आरंभी 'आपण', मध्ये 'तुम्ही' आणि शेवटी 'तुझा मित्र'! हा दोष केवळ आपलाच नाही, याचे एक दूरचे उदाहरण देतो. गोव्यावर साडेचारशे वर्षे ज्यांची सत्ता होती त्या पोर्तुगिजांच्या भाषेतही 'तू'ला 'तू'च म्हणतात. मराठी आणि पोर्तुगीज या एकाच विशाल भाषाकुळातील दूरच्या बहिणी आहेत, त्याची ही खूण. मोठ्या माणसाला 'तू' कसे म्हणावे, म्हणून त्या लोकांनी 'आपली कृपा' अशा अर्थाचा 'वोसा मेर्से' हा शब्दप्रयोग योजला. बोलता बोलता तो झिजून 'वोसे' झाला आणि ब्राझील देशात तर तो रोजच्या व्यवहारातले साधे सर्वनामच बनला. 'वोसे' आले की क्रियापद तृतीयपुरुषी चालते. पण तेथील विद्यार्थी वाक्याचा आरंभ 'वोसे'ने करतात आणि पुढे 'तुला', 'तुझे' या अर्थाची 'तू'ची रूपे घालतात. बोलताना ते खपते. लेखनात तेथील शिक्षक त्यावर खूण करतात. तेथील एखाद्या शिक्षकाची आणि माझी भेट झाली तर बोलायला विषयाची वाण पडणार नाही.

मराठीची खरी श्रीमंती 'आम्ही' आणि 'आपण' या जोडीत आहे आणि सर्वांत महाग पडणारी चूकही तेथेच होते. इंग्रजीत 'वुई' एकच, प्रमाण हिंदीत 'हम' एकच. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत कळते. 'आम्ही जेवायला बसतो' म्हटले तर ऐकणाऱ्याने बाहेर थांबावे. 'आपण जेवायला बसू' म्हटले तर त्याने हात धुवून यावे. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम' असा हाच भेद आहे. जालन्याच्या बाजारात दखनी बोलणारा दुकानदार 'अपन' म्हणतो तेव्हा तोही गिऱ्हाइकाला आपल्यात ओढून घेत असतो.

हिंदी दूरदर्शन आणि इंग्रजी पुस्तके यांच्या सहवासाने हा भेद आपल्या लेखनातून पुसट होत चालला आहे. वक्तृत्वस्पर्धेत विद्यार्थी श्रोत्यांकडे पाहत म्हणतो, 'आम्ही सर्वांनी झाडे लावली पाहिजेत.' मग श्रोत्यांनी लावायची नाहीत का? तेथे 'आपण सर्वांनी' हवे. याच्या उलट, निरोपसमारंभात दहावीचा विद्यार्थी धाकट्यांना सांगतो, 'आपण ही शाळा सोडून चाललो आहोत.' धाकटे चाललेले नाहीत. तेथे 'आम्ही' हवे.

अर्जलेखनात ही गोष्ट अधिक गंभीर होते. एकदा वर्गात विषय दिला : वस्तीवरचा हातपंप बंद आहे, सरपंचांना अर्ज लिहा. तीन प्रकारची उत्तरे आली. काहींनी लिहिले, 'आपल्या वस्तीतील हातपंप बंद आहे.' वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, कोणाच्या वस्तीतील? सरपंचांच्या? काहींनी लिहिले, 'तुमच्या गावात आमची वस्ती आहे. तेथील हातपंप बंद आहे.' हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण त्याने गाव सरपंचांना देऊन टाकले आणि वस्ती गावाबाहेर काढली. जे काम शतकानुशतके इतरांनी केले ते अर्जदाराने स्वतःच केले. एका मुलीने लिहिले, 'आपल्या गावातील आमच्या वस्तीत असलेला हातपंप बंद आहे.' गाव आपले, म्हणजे सरपंचांचे आणि आमचे, दोघांचे. वस्ती आमची, म्हणजे तेथे राहणाऱ्यांची. त्रास आमचा आणि जबाबदारी सामाईक. दोन सर्वनामांत तिने सगळी वस्तुस्थिती मांडली. मी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि त्या दिवशी दुसरे काही शिकविले नाही.

'आपण' या शब्दाची अडचण अशी की तो तीन कामे करतो. तो 'तुम्ही आणि आम्ही मिळून' असा असतो, आदरार्थी 'तुम्ही' असतो आणि 'स्वतः' या अर्थाचा आत्मवाचकही असतो. बहुधा क्रियापद उलगडा करते. 'आपण आलो' म्हणजे आपण सारे. 'आपण आलात' म्हणजे तुम्ही. 'तो आपण होऊन आला' येथे आत्मवाचक. आत्मवाचक 'आपण' वाक्याच्या आरंभी येत नाही, ही खूणही लक्षात ठेवावी. पण 'आपण उद्या येणार का?' या वाक्यात क्रियापद काहीच सांगत नाही. पाहुण्यांना निमंत्रण आहे की सोबत्याला विचारणा, हे संदर्भावरूनच ठरते. लेखनात संदर्भ पुरेसा नसेल तर 'आपण दोघे' किंवा 'आपण, सर,' असे स्पष्ट करावे.

परिपाठात आपण संविधानाची उद्देशिका रोज म्हणतो. तिचा पहिला शब्द एक सर्वनाम आहे, 'आम्ही'. आणि शेवटाजवळ दुसरे येते, 'स्वतःप्रत'. नववीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सगळे भारतीय मिळून बोलतात, तर मग 'आपण' का नाही?" प्रश्न चोख होता. इंग्रजी मसुद्यातील 'वुई' हा शब्द मराठीत आणणाऱ्याला ही निवड करावीच लागते. मला सुचलेले उत्तर असे : 'आपण' लिहिले असते तर कायद्याच्या भाषेत 'तुम्ही' असा दुसरा अर्थ डोकावला असता. शिवाय 'आम्ही' म्हणणारा जगासमोर उभा राहून निर्धार सांगत असतो. ऐकणारे जग त्या निर्धाराचे साक्षीदार असते, भागीदार नव्हे. आणि 'स्वतःप्रत' हे आत्मवाचक रूप देणारा व घेणारा एकच आहे हे सांगते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली ती गोष्ट कोणा राजाने प्रजेला दिलेली नाही, हे त्या एका शब्दात आहे. तो शब्द पुष्कळांच्या वहीत 'स्वताप्रत' असा विसर्गाविना लिहिलेला असतो, तेवढे मात्र टाळावे.

आत्मवाचकाचाच एक धाकटा भाऊ म्हणजे 'आपला'. 'रमेशने सुरेशला त्याच्या घरी नेले.' कोणाच्या घरी? रमेशच्या की सुरेशच्या? 'आपल्या घरी नेले' म्हटले की घर कर्त्याचे, म्हणजे रमेशचे ठरते. इंग्रजीतून भाषांतर करताना आपण सरसकट 'त्याचा', 'तिचा' लिहितो आणि हा गोंधळ ओढवून घेतो. मात्र हिंदीचा नियम जसाच्या तसा आणू नये. हिंदीत 'मैंने अपनी किताब ली' होते. मराठीत 'मी माझे पुस्तक घेतले' हेच सरळ. 'मी आपले पुस्तक घेतले' म्हटले तर ऐकणारा स्वतःचे दप्तर तपासू लागेल. आणि 'आपल्या घरी' यातही 'आपल्या सर्वांच्या घरी' असा अर्थ निघण्याची भीती वाटली तर 'स्वतःच्या घरी' लिहून मोकळे व्हावे.

इंग्रजीचाच आणखी एक परिणाम म्हणजे सर्वनामांची उधळपट्टी. 'माझी दिनचर्या' या निबंधात पहिल्या दहा वाक्यांचा आरंभ 'मी'ने होतो : मी उठतो, मी दात घासतो, मी अंघोळ करतो. मराठी क्रियापद पुष्कळदा कर्ता पोटात घेऊन चालते. 'उठलास' म्हटले की 'तू' सांगावे लागत नाही. पाली शिकणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे : 'गच्छामि' या एकाच पदात 'मी' आहे, तो वेगळा उच्चारावा लागत नाही. म्हणून एकदा 'मी' आला की पुढची चार वाक्ये त्याच्याविना लिहून पाहावीत. अर्थात 'येतो' या रूपात मी आणि तो दोघेही लपू शकतात, तेथे काटकसर नको.

आता ज्या शब्दाला मी चूक म्हणत नाही त्याविषयी. आपल्यापैकी अनेक जण घरी 'म्या केलं', 'मपलं पुस्तक', 'तुपलं घर' असे बोलतात आणि शाळेत आल्यावर त्याची लाज वाटू लागते. 'म्या' हा अडाणी शब्द नाही. प्राचीन मराठीत 'मी'ची तृतीया 'मियां', 'म्यां' अशी होती आणि 'तू'ची 'तुवां', 'त्वां'. आपल्याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या 'मनाच्या श्लोकां'त 'त्वां' हे रूप आढळते. प्रमाण मराठीने पुढे ही रूपे टाकली. म्हणूनच आज आपण 'त्याने केले', 'तिने केले' म्हणतो, पण 'मी केले', 'तू केलेस' येथे 'ने' दिसत नाही. प्रत्यय कोठे गेला, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तो तुमच्या आजीच्या 'म्या'मध्ये शिल्लक आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये. या ग्रंथांच्या कितीतरी आधीपासून ते रूप लोकांच्या तोंडी आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'मी' आणि 'माझे' लिहा, कारण तेथे प्रमाणभाषेची अट आहे. कथालेखनात पात्राच्या तोंडी 'म्या' आणि 'मपलं' खुशाल घाला. घरी तर ते बदलूच नका.

राहिलेल्या चुका थोडक्यात. 'त्यानी', 'त्याना', 'ज्याचे' (अनेकांविषयी) ही रूपे अनुस्वाराविना लिहिली जातात. अनेकवचनी आणि आदरार्थी सामान्यरूपावर अनुस्वार हवाच : त्यांनी, त्यांना, ज्यांचे. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले कित्येक अनुस्वार काढून टाकले, पण हा ठेवला, कारण हा काढला तर एक माणूस आणि अनेक माणसे यांतला फरकच जातो. 'जालना, जे की मराठवाड्यातील शहर आहे' ही रचना हिंदीची. 'मराठवाड्यातील जालना शहर' म्हणावे. किंवा जो आणला तर त्याच्या जोडीचा तो आणावा : 'जे पुस्तक मी काल वाचले ते हरवले.' आणि परीक्षेतला नेहमीचा सापळा : 'तो मुलगा हुशार आहे' यातील 'तो' सर्वनाम नव्हे, ते सार्वनामिक विशेषण, कारण नाम शेजारीच उभे आहे, त्याच्याऐवजी कोणी आलेले नाही. 'तो हुशार आहे' यात ते सर्वनाम.

खालील वाक्ये वहीत उतरवून घ्यावीत आणि दोष असल्यास सुधारावीत. एक वाक्य निर्दोष आहे. ते कोणते आणि का, हेही लिहावे.

१. (पाहुण्यांना उद्देशून) आम्ही सर्व जण मिळून या दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमाला सुरुवात करू या.
२. फातिमा शेख यांनी सावित्रीबाईंना साथ दिली. ती स्वतःही मुलींना शिकवीत असे.
३. (वसतिगृहातून आईला) तू थंडीत पहाटे उसाच्या फडात जाताना अंगावर घोंगडे घेत जा.
४. शिक्षकाने विद्यार्थ्याला त्याच्या वहीतील चूक दाखवली. (वही शिक्षकाची आहे.)
५. आदरणीय सर, आपण काल दिलेले पुस्तक मला आवडले. तुझा आभारी आहे.